अप्रमाद : संकट ओसरल्यानंतरची खरी परीक्षा

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस भोर आणि वेल्हे हे दोन डोंगराळ तालुके आहेत. वेल्हे तालुक्यास आता राजगड तालुका असे नाव मिळाले आहे. याच तालुक्यात राजगडाच्या पायथ्याशी पाली नावाचे लहानसे गाव वसले आहे. गडाचा एक दरवाजा या गावाच्या नावाने ओळखला जातो आणि त्या पाली दरवाजामुळे हे छोटे गाव इतिहासाच्या पानांवर कायमचे नोंदले गेले. रायगडावर राजधानी हलेपर्यंत सुमारे पंचवीस वर्षे छत्रपती शिवाजी महाराजांचे मुख्य ठाणे राजगडच होते. पालीकडून चढणारी वाट ही गडाची राजवाट मानली जाते. ती रुंद आहे, पायऱ्यांची आहे आणि चढावयास इतर वाटांपेक्षा सुलभ आहे.

या सुलभ वाटेवर एकामागे एक असे दोन दरवाजे आहेत. पहिला भव्य दरवाजा ओलांडून काही अंतर चढून गेले की बुरुजांच्या आश्रयाने उभा असलेला दुसरा भक्कम दरवाजा लागतो. रोजची ये-जा जेथून व्हावयाची, सामान, माणसे आणि पालख्या जेथून चढावयाच्या, तेथेच बंदोबस्त दुहेरी ठेवलेला आहे. परिचित वाटेवरच माणसाचे लक्ष सर्वांत आधी सैल होते, हे गड बांधणाऱ्यांस ठाऊक होते. गाव लहान, पण त्याच्या नावाचा हा दरवाजा आपणां व्यापारी कुटुंबांस एक मोठा विषय सुचवून जातो. तो विषय म्हणजे गाफीलपणा.

गाफीलपणा आणि निष्काळजीपणा

हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. परंतु त्यांत सूक्ष्म भेद आहे. निष्काळजी माणसाला मुळातच काळजी नसते. गाफील माणूस मात्र कालपर्यंत काळजी घेत होता. त्याने संकट पाहिले, त्यास तोंड दिले, त्यातून तो बाहेरही पडला. आणि त्या यशानेच त्याच्या मनात एक खात्री उत्पन्न केली की, आता काही होणार नाही. म्हणून गाफीलपणा हा बहुधा कर्तबगार माणसांचा आणि यशस्वी संस्थांचा रोग आहे. ज्याला काही मिळालेच नाही तो गाफील कशाच्या बळावर होणार?

इतिहासातील याचे प्रसिद्ध उदाहरण पुण्यातच घडले. शाहिस्तेखान १६६० च्या मे महिन्यात पुण्यात येऊन लाल महालात राहिला. प्रचंड फौज, भोवती छावणी आणि पहारे असा त्याचा थाट होता. जवळजवळ तीन वर्षे त्या महालास कोणी धक्का लावला नाही. ही तीन वर्षेच त्याच्या विरोधात गेली. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री, रमजानच्या महिन्यात, महाराज निवडक लोकांसह छावणीत शिरले. आपण खानाच्याच दक्षिणी फौजेतील लोक असून चौकीवर निघालो आहोत, असे सांगून त्यांनी पहारेकऱ्यांना चकविले, अशी हकीकत सांगतात. खान प्राणांनिशी वाचला, पण बोटे गमावून. पहारा त्या रात्रीही होता. पाहणारी नजर मात्र झोपली होती.

याउलट महाराजांच्या स्वतःच्या गडांवरील व्यवस्था पाहावी. सभासदाच्या बखरीत तिचे वर्णन आहे. प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी एका दर्जाचे असत आणि कारभार तिघांच्या संमतीने चाले. धान्य व युद्धसाहित्य यांसाठी कारखानीस वेगळा असे. कोणा एकाच्या प्रामाणिकपणावर अथवा जागरूकतेवर गड अवलंबून राहू नये, एकास डुलकी लागली तरी दुसऱ्याचे डोळे उघडे असावेत, हा त्यामागील हेतू होता. शत्रू समोर असताना सगळेच सावध असतात. ही व्यवस्था शत्रू दिसत नसलेल्या दिवसांसाठी होती.

आपल्या परंपरेचा शब्द : प्रमाद

जैन तत्त्वचिंतनाने या दोषास फार पूर्वीच नाव दिले आहे. ते नाव प्रमाद. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्राच्या आठव्या अध्यायात कर्मबंधाची जी पाच कारणे सांगितली, त्यांत मिथ्यादर्शन, अविरती, कषाय आणि योग यांच्या पंक्तीला प्रमादही बसविला आहे. त्याच ग्रंथाच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या करतानाही प्रमादयुक्त प्रवृत्तीलाच मुख्य स्थान दिले आहे. मनात द्वेष नसला तरी बेसावधपणामुळे कोणाच्या प्राणांवर बेतले, तर तो दोष आपल्याला लागतो, हा त्यातील आशय महामारीच्या काळात किती शब्दशः खरा ठरला, हे पुढे पाहू.

गुणस्थानांच्या क्रमात सहावे स्थान प्रमत्तसंयत आणि सातवे अप्रमत्तसंयत आहे. याचा अर्थ असा की, ज्याने संयम स्वीकारला, महाव्रते घेतली, त्यालाही प्रमादाचे भय उरतेच. उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनात भगवान महावीर पुन्हा पुन्हा क्षणभरही प्रमाद न करण्याचा उपदेश करतात, तो कोणाला? एखाद्या आळशी संसारी जीवाला नव्हे. आपले ज्येष्ठ गणधर इंद्रभूती गौतम यांना. जो सर्वांत पुढे पोचला आहे, त्यालाच सावध राहण्याची आठवण करून देण्याची ही रीत मननीय आहे.

१९१८ : सौम्य लाट आणि तिची पाठराखीण

महामारीच्या बाबतीत गाफीलपणाचा धडा महाराष्ट्राने एकदा नव्हे, अनेकदा गिरविला आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारी आणि व्यापारी पेढ्यांच्या त्या गजबजलेल्या वस्तीत, डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. ते निदान सर्वांनी लगेच स्वीकारले नाही. व्यापाराचे बंदर, परदेशी जहाजांची ये-जा, नावाची बदनामी, अशा अनेक गोष्टी त्या एका शब्दात गुंतल्या होत्या. काही महिन्यांतच सुमारे साडेआठ लाख वस्तीच्या मुंबईतून जवळजवळ निम्मे लोक गाव सोडून गेले. प्लेग पुण्यासही पोचला. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने निधन झाले.

पण गाफीलपणाचे अधिक बोलके उदाहरण १९१८ च्या इन्फ्लुएंझाचे आहे. त्या वर्षी जून महिन्यात मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. हळूहळू साथ शहरभर पसरली. कचेऱ्या व गिरण्या यांत गैरहजेरी वाढली, पण मृत्यू त्या मानाने कमी होते. जुलैत साथ ओसरली. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. तीन दिवसांचा ताप, त्याचे एवढे काय, अशी भावना झाली. सप्टेंबरमध्ये तोच रोग परत आला आणि या खेपेस त्याचे रूप निराळे होते. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. रेल्वेच्या वाटेने साथ दख्खनच्या खेड्यापाड्यांत गेली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. घरात धान्य नाही आणि अंगात त्राण नाही अशा अवस्थेत ती गावांवर कोसळली. देशभरातील मृत्यूंचा अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन-दोन कोटींपर्यंत केला जातो. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. जनगणनेच्या इतिहासात असे हे एकमेव दशक आहे.

पहिली लाट सौम्य होती म्हणून दुसरीही सौम्यच असेल, असे मानावयास कोणताही आधार नव्हता. पण मनुष्याचे मन गेल्या वेळच्या अनुभवालाच पुढल्या वेळचे माप समजते.

दोन लाटांमधले महिने

त्यानंतर १०२ वर्षांनी, ९ मार्च २०२० रोजी, महाराष्ट्रातील पहिले कोरोनाबाधित रुग्ण पुण्यातच आढळले. त्यानंतरच्या काळात आपल्या समाजाने जे केले ते विसरण्यासारखे नाही. दुकाने बंद असताना अन्नछत्रे चालली, स्थानकांचे हॉल आणि धर्मशाळा खुल्या झाल्या. भारतीय जैन संघटनेने फिरत्या दवाखान्यांच्या गाड्या वस्त्यावस्त्यांत नेऊन रुग्ण शोधण्याच्या कामात महापालिकांना हात दिला. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात एका दिवसाच्या नव्या रुग्णांची संख्या चोवीस हजारांच्या पुढे गेली आणि मग ती उतरू लागली.

येथून खरी कथा सुरू होते. फेब्रुवारी २०२१ च्या आरंभी राज्यातील रोजचे नवे रुग्ण दोन-तीन हजारांवर आले होते. १६ जानेवारीला लसीकरण सुरू झाले होते. १ फेब्रुवारीला मुंबईच्या लोकल गाड्या ठरावीक वेळांत सर्वांसाठी खुल्या झाल्या. लांबलेली लग्ने एकदम निघाली. हळदी, संगीत, स्वागत समारंभ, सारे काही पूर्वीसारखे. मुखपट्टी हनुवटीवर उतरली आणि मग खिशात गेली.

या आत्मविश्वासाला शास्त्राचा आधार आहे असेही वाटत होते. ऑगस्ट २०२० मध्ये पुण्यातील पाच प्रभागांच्या रक्तचाचणी पाहणीत ५१.५ टक्के लोकांच्या शरीरात प्रतिपिंडे आढळली होती. निम्म्या लोकांना होऊनही गेला, आता उरले काय, असा निष्कर्ष चहाच्या टपरीपासून पेढीच्या गादीपर्यंत सगळीकडे निघाला. पाहणी सर्वाधिक बाधित अशा पाच प्रभागांची होती, साऱ्या शहराची नव्हती, हे कोणी लक्षात घेतले नाही. डिसेंबर २०२० व जानेवारी २०२१ मधील देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जाहीर झाले. त्यांनुसार फक्त सुमारे एकवीस टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे होती. म्हणजे पाचांपैकी चार माणसे अद्याप उघड्यावर होती. हा आकडाही वृत्तपत्रांत आला. पण जो आकडा मनाला सोयीचा होता तो स्मरणात राहिला आणि गैरसोयीचा विसरला गेला.

फेब्रुवारीच्या मध्यापासून अमरावतीत रुग्ण वाढू लागले. २२ फेब्रुवारीपासून तेथे पुन्हा टाळेबंदी करावी लागली. तरीही, विदर्भातले ते विदर्भात, अशी इतरत्र धारणा राहिली. ७ मार्च रोजी केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी देश महामारीच्या अखेरच्या टप्प्यात असल्याचे जाहीरपणे सांगितले. त्यानंतर सहा आठवड्यांनी, १८ एप्रिल रोजी, एकट्या महाराष्ट्रात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. नंतर डेल्टा या नावाने ओळखला गेलेला विषाणूचा नवा प्रकार तोवर सर्वत्र पोचला होता. खाटा, प्राणवायू, रेमडेसिविर यांसाठी रात्रभर फोन करणारी मुले, रुग्णवाहिकेतून एका रुग्णालयाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात जाणारी आई, आणि अंत्यदर्शनाविना दिलेला निरोप, हे आपल्यापैकी अनेक घरांनी सोसले आहे. त्या घरांस आकडेवारी सांगण्याची गरज नाही.

येथे एक गोष्ट न्यायाने नोंदविली पाहिजे. दुकान उघडण्याची निकड आणि गाफीलपणा या दोन गोष्टी एक नव्हेत. भाडे, पगार, बँकेचा हप्ता, माल खराब होण्याची धास्ती, यांपायी ज्याने शटर वर केले त्याला दोष देता येणार नाही. गल्ल्यासमोर खुणा आखून, ग्राहकांना अंतरावर उभे करून, नोकरांना मुखपट्ट्या देऊन ज्यांनी व्यवहार केला त्यांनी सावधपणे व्यवसाय केला. व्यवसाय चालू ठेवूनही सावध राहता येते, हेच त्यांनी दाखविले. प्रश्न दुकानाचा कमी आणि दुकान बंद करून संध्याकाळी ज्या समारंभास आपण गेलो त्याचा अधिक होता.

नंदुरबारचा धडा

त्याच काळात त्याच राज्यात वेगळे वागणारी माणसेही होती. नंदुरबार हा राज्याच्या एका टोकाचा, आदिवासीबहुल आणि साधनांनी तोकडा जिल्हा. तेथील तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे स्वतः वैद्यकीय पदवीधर. पहिल्या लाटेतच प्राणवायूची गरज त्यांनी ओळखली आणि सप्टेंबर २०२० मध्ये हवेतून प्राणवायू तयार करणारा प्रकल्प जिल्ह्यात उभा केला. नंतर रुग्ण कमी झाले. मिळालेला निधी इतरत्र वळविण्याचा मोह अशा वेळी स्वाभाविक असतो. त्यांनी मात्र २०२१ च्या आरंभी आणखी प्रकल्प उभारले. एप्रिलमध्ये मोठमोठी शहरे टँकरची वाट पाहत असताना या जिल्ह्याजवळ स्वतःचा प्राणवायू होता आणि शेजारच्या भागांतील रुग्णही तेथे येत होते.

पुण्यातही याचे लहानसे प्रत्यंतर आले. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावरील जम्बो रुग्णालयात जानेवारी २०२१ मध्ये रुग्ण घेणे थांबविण्यात आले. पण उभारलेला सांगाडा मोडला नाही. त्यामुळे मार्चमध्ये ते पुन्हा सुरू करता आले. बंद करणे आणि मोडून टाकणे यांत जे अंतर आहे, त्यातच दूरदृष्टी सामावलेली असते.

पानशेत : संस्थेचा गाफीलपणा

आता पालीच्याच तालुक्यातील दुसऱ्या एका नावाकडे वळू. पानशेत हे वेल्हे तालुक्यातील गाव, आंबी नदीवरील धरणामुळे सर्वांस ज्ञात झालेले. १९६१ च्या पावसाळ्यात हे मातीचे धरण अद्याप पूर्ण झालेले नव्हते. पाणी बाहेर सोडण्याच्या मार्गाचे काम अपुरे होते. तरीही त्या पावसाळ्यात धरणात पाणी साठू दिले गेले. जुलैत पावसाने जोर धरला, जलाशय झपाट्याने भरला आणि बांध खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो सावरण्याचा प्रयत्न केला. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचे धरण फुटले. तो लोंढा खडकवासल्यास पोचला आणि तेथील जुने धरणही त्याच दिवशी फुटले. मुठेचे पाणी नारायण, शनिवार, कसबा या पेठांतून शिरले. वाडे कोसळले, दुकाने व त्यांतील माल वाहून गेला, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या चिखलात गेल्या. पुण्याच्या काही जुन्या व्यापारी घराण्यांत आजही कालगणना पानशेतच्या आधी आणि नंतर अशी केली जाते.

पुढे न्यायमूर्ती नाईक यांच्या आयोगाने या दुर्घटनेची चौकशी केली. आपल्यासाठी त्यातील बोध असा की, हे धरण कोणा एका दुष्ट माणसाने फोडले नाही. अनेक शिकलेली, अनुभवी, प्रामाणिक माणसे त्या कामावर होती. अपुऱ्या कामाची कल्पना असूनही, एवढ्याशाने काय होते आणि हा पावसाळा निघून जाईल, या दोन वाक्यांच्या आधारावर संस्था पुढे सरकत राहिली. मोठ्या संस्थांचे अपघात बहुधा याच दोन वाक्यांतून जन्म घेतात. एक लहानशी सूट घेतली जाते; काही बिघडत नाही. मग ती सूट हाच नियम होतो आणि पुढची सूट त्याहून थोडी मोठी असते.

यशाचे ओझे

कोरोनाकाळातच याची वेदनादायक उदाहरणे मिळाली. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षात आग लागून दहा बालके दगावली. सारे राज्य हादरले आणि रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती होऊन दाब कमी झाला आणि किमान बावीस रुग्णांनी प्राण सोडले. २३ एप्रिलला विरारच्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली; नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात तेच घडले. आदेश निघतो, तपासणी होते, अहवाल लिहिला जातो आणि फायलीत विसावतो. तपासणी झाली आणि दुरुस्ती झाली, या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. पहिली झाली की दुसरीही झाल्यासारखे वाटू लागते.

आर्थिक संस्थांचेही तेच. १९१२ साली पुण्यात स्थापन झालेल्या रुपी सहकारी बँकेत कितीएक व्यापाऱ्यांची आणि निवृत्तांची ठेव होती. शंभर वर्षांची बँक, तिला काय होणार, ही भावना ठेवीदारांत खोल रुजलेली होती. २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पर्यंत एक लाख रुपये होती, त्यानंतर ती पाच लाख झाली. संपूर्ण पुंजी एकाच ठिकाणी ठेवणाऱ्यांस हे गणित फार उशिरा कळले. संस्थेचे वय हे तिच्या आरोग्याचे प्रमाणपत्र नव्हे.

उद्योगाच्या क्षेत्रात पुण्याजवळच्या आकुर्डीचे उदाहरण उद्‌बोधक आहे. एके काळी बजाजची चेतक स्कूटर मिळण्यासाठी लोकांना कित्येक वर्षे थांबावे लागे. ग्राहक रांगेत उभा असताना, तो उद्या दुसरे काही मागेल असे वाटणे कठीण असते. १९८५ मध्ये हीरो होंडाची कमी इंधनात अधिक धावणारी मोटारसायकल आली आणि हळूहळू रांग तिकडे सरकली. बजाजचे वैशिष्ट्य हे की, त्यांनी ही जाणीव वेळेत करून घेतली, चाकणला नवा कारखाना उभारला आणि २००१ मध्ये पल्सर बाजारात आणून पुन्हा उभारी घेतली. गाफीलपणा हा असाध्य रोग नाही; मात्र त्याचे निदान घरातल्याच कोणीतरी करावे लागते आणि वडीलधाऱ्यांनी ते ऐकावे लागते.

पेढी, संघ आणि घर यांसाठी काही पथ्ये

प्रमादावरील उपाय आपल्या दिनचर्येतच आहेत. साधू-साध्वी दिवसातून दोनदा आपल्या वस्त्रपात्रांचे पडिलेहण करतात. काल तपासले होते म्हणून आज तपासावयाचे नाही, असे तेथे चालत नाही. श्रावकासाठी दैवसिक, रात्रिक, पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक असे प्रतिक्रमणाचे क्रम आहेत. दोष घडल्याचे आठवो वा न आठवो, ठरलेल्या वेळी मागे वळून पाहावयाचेच. आधुनिक व्यवस्थापन ज्याला नियतकालिक तपासणी म्हणते तिचा गाभा हाच आहे. तीच शिस्त पेढीवर आणावयाची तर पुढील गोष्टी कठीण नाहीत.

एक : तपासणीचा दिवस पंचांगात ठरवून टाकावा. गोदामातील अग्निशामक नळकांड्यांची मुदत, विजेची जुनी वायरिंग, विम्याच्या नूतनीकरणाची तारीख, संगणकातील हिशेबाची दुसरी प्रत, हे सारे चातुर्मासाच्या आरंभी आणि दिवाळीपूर्वी असे वर्षातून दोनदा पाहावे. वेळ मिळेल तेव्हा पाहू, असे म्हटले की ती वेळ दुर्घटनेनंतरच मिळते.

दोन : एकाच ग्राहकावर, एकाच पुरवठादारावर आणि एकाच बँकेवर पेढी उभी करू नये. उधारीची यादी दरमहा वयानुसार लावून वाचावी. जुना ग्राहक आहे, हे उत्तर तीन महिन्यांहून जुन्या येण्यास पुरेसे समजू नये.

तीन : गडावरच्या तीन अधिकाऱ्यांप्रमाणे तिजोरी, हिशेब आणि साठा यांवर तीन वेगळ्या व्यक्तींची नजर असावी. मुनीम कितीही जुने व विश्वासू असोत, वर्षातून एकदा त्यांची वही दुसऱ्याने पाहावी. यात अविश्वास नाही. उलट प्रामाणिक माणसावर संशय येण्याचा प्रसंगच त्यामुळे टळतो.

चार : वाईट बातमी सांगणाऱ्यास पेढीवर अभय असावे. धोक्याची पहिली चाहूल बहुधा हमालास, विक्रेत्या मुलास किंवा नुकत्याच शिकून आलेल्या सुनेस लागते. त्यांचे बोलणे हसण्यावारी नेले, की दुसऱ्यांदा ती माणसे बोलत नाहीत.

पाच : संघ, स्थानक, पांजरपोळ, वसतिगृह आणि शाळा यांच्या विश्वस्तांनीही हेच नियम स्वतःस लावावेत. मोठ्या पारण्याच्या किंवा प्रवचनाच्या मंडपास बाहेर पडण्याचे दुसरे दार आहे ना, ते त्या दिवशी कुलूपबंद तर नाही ना, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. महामारीत घेतलेली प्राणवायू यंत्रे अनेक संघांच्या कोठारात पडून आहेत. ती चालतात काय, हे कोणी शेवटचे कधी पाहिले?

सहा : घरात ज्येष्ठांचे लसीकरण, औषधे, मधुमेह व रक्तदाबाच्या चाचण्या आणि आरोग्यविमा यांची नोंदवही एका जागी असावी आणि ती कोठे आहे हे घरातील किमान दोघांना ठाऊक असावे. तापाची साथ असताना समारंभास न जाणे हा अपमान समजू नये, आणि कोणी न आल्यास यजमानांनीही तो तसा मानू नये. २०२१ च्या त्या वसंतात या एका सामाजिक समंजसपणाने कित्येक वडीलधारे वाचले असते.

यांपैकी काहीही नवे नाही, असे वाचकांस वाटेल, आणि ते खरेच आहे. गाफीलपणा अज्ञानातून येत नाही. माहीत असलेले करावयाचे राहून जाते, यातून तो येतो. म्हणूनच तो ज्ञानाने जात नाही, नित्याच्या सवयीने जातो.

दिवाळीत आपण नव्या वहीचे पूजन करतो तेव्हा पहिल्या पानावर गौतमस्वामींचे स्मरण लिहिण्याची प्रथा आपल्या अनेक पेढ्यांवर आहे. त्यांच्या लब्धीची इच्छा आपण त्या पानावर व्यक्त करतो. क्षणभरही प्रमाद करू नकोस, हा उपदेश भगवंतांनी ज्यांना केला ते हेच गौतम. येत्या पाडव्यास वही उघडताना लब्धीबरोबर त्या उपदेशाचेही स्मरण करावे, आणि दुसऱ्याच दिवशी गोदामाची पाहणी करावी.